गुलाबी नव्हे, लाल!

सोसायटीचा वॉचमन कुरियरवाल्याला पत्ता सांगत होता, "ती गुलाबी गाडी दिसतेय ना, तिच्या समोरच्या लिफ्टने जा." मी बाल्कनीत चहा पीत उभी होते. आमच्या सोसायटीत गुलाबी गाडी कोणाची बुवा, म्हणून वाकून बघितलं आणि कप हातातच राहिला. गाडी माझी होती.

माझी म्हणजे बाबांची. २००१ची मारुती ८००, एकदम साधं मॉडेल, एसी नाही, बंपर काळे आणि रंग लाल. साधासुधा लाल नाही, लालभडक. सांगलीत आमच्या गल्लीत दोन जोशी होते, त्यातले आम्ही 'लाल गाडीवाले जोशी'. बाबा दर रविवारी सकाळी लुंगी वर खोचून, पिवळं फडकं आणि बादली घेऊन तिच्या सेवेला लागायचे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी, कपाटातून वॅक्सचा चपटा डबा निघायचा. त्या दिवशी आम्ही भावंडांनी गाडीच्या दहा फुटांत फिरायचं नाही, असा नियम होता.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना क्लच दाबवेना, तेव्हा २०२२मध्ये त्यांनी गाडी मला पुण्याला दिली. "चालवत राहा, उभी राहिली की गाडी मरते," एवढंच म्हणाले. मी चालवली की! हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तिच्याइतकी शहाणी गाडी नाही. पण धुतली कधी? तुम्ही कधी धुता हो? सकाळी गाड्या पुसणारा मुलगा येतो, महिन्याला पैसे घेतो, विषय संपला. पार्किंगची जागा माझ्या नावावर नाही, म्हणून गाडी कंपाऊंडच्या कडेला, भल्यामोठ्या रेन ट्रीखाली. सावलीही मिळते, असं मी स्वतःला समजावत होते.

दादाचं मत स्वच्छ होतं. "भंगारात दे. आता सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटर्स आहेत, सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीच्या टॅक्समध्ये सूट मिळते." हिशेबाने तो बरोबरच होता. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, ग्रीन टॅक्स भरायचा आणि वर अशी गुलाबी गाडी घेऊन ऑफिसच्या गेटमधून आत शिरायचं. बाबांना फोनवर चाचपून बघितलं. ते जरा थांबून म्हणाले, "विकायची तर वीक बाळा. मला फक्त सांगू नकोस." आणि लगेच विषय बदलून, "दसऱ्याला येतोय मी तिकडे. दोन वर्षं गाडीची पूजा माझ्या हातून झाली नाही."

दसऱ्याला पाच आठवडे होते.

रंग मेला की साय धरली?

आधी गेले डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे. त्याने बॉनेटवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली पांढरट-गुलाबी भुकटी मला दाखवली आणि निदान केलं, "मॅडम, रंग मेला. फुल बॉडी मारून टाकू. पस्तीस हजार." मग एका चकाचक डिटेलिंग स्टुडिओत. तिथे कॉफी चांगली मिळाली. सिरॅमिक कोटिंगचं कोटेशन बघितलं, तर तेवढ्यात अशीच दुसरी ८०० सेकंडहॅण्ड मिळाली असती. तिथल्या मुलाने "सर कधी येतील गाडी दाखवायला?" असंही विचारलं. सर नाहीत रे बाबा, मीच आहे.

शहाणपण मिळालं ते नाना पेठेत, गाड्यांचे रंग मिसळून देणाऱ्या एका दुकानात. मी टचअपसाठी रंगाची छोटी बाटली घ्यायला गेले होते. तिथल्या काकांनी मोबाईलवरचा फोटो बघितला आणि विचारलं, "ताई, पाणी मारून बघितलंत का? ओली झाल्यावर लाल दिसते?" दिसते. पावसात तर अगदी जुनी लाल दिसते, वाळली की पुन्हा गुलाबी. "मग रंग आहे अजून. वरची साय खराब झालीय फक्त."

घरी येऊन मी हे नीट समजून घेतलं, आणि तुम्हालाही थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे. आजच्या बहुतेक गाड्यांना पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. चमक असते ती या क्लिअर कोटची. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या दीड-दोन केसांएवढी. त्यात क्लिअर कोट अंदाजे ४०-५० मायक्रॉन. आमच्या गाडीसारख्या जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांना मात्र बरेचदा वेगळा क्लिअर कोट नसतो. रंग आणि चमक एकाच थरात. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्या थरातला रंगद्रव्याला धरून ठेवणारा चिकट भाग वरून फुटत जातो, पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरला की डोळ्यांना तो फिका दिसतो. पाणी मारल्यावर ते खळगे भरतात, म्हणून तात्पुरता लाल. लाल रंगाच्या गाड्यांचं हे दुखणं तर जुनंच आहे. कितीतरी लाल गाड्या म्हातारपणी गुलाबी होतात.

चांगली बातमी अशी, की ही वरची मेलेली साय काढता येते आणि खालचा ताजा रंग वर आणता येतो. वाईट बातमी अशी, की तो रंग संपणारा आहे. प्रत्येक पॉलिश म्हणजे थोडा रंग कायमचा गेला. पॉलिशने चमक 'लागत' नाही, पॉलिश रंग खरवडतं. लागतं ते वॅक्स. 'वॅक्स-पॉलिश' असा एकच शब्द करून आपण या दोन उलट्या गोष्टी एकत्र बांधून टाकल्या आहेत.

तुमची गाडी क्लिअर कोटवाली असेल आणि तिच्या टपावर, बॉनेटवर पापुद्रे सुटून पांढरे नकाशे उमटले असतील, तर मात्र कुठलंच पॉलिश उपयोगाचं नाही. तो थर गेला तो गेला. तिथे पुन्हा रंगच मारावा लागतो. कोणी पाचशे रुपयांच्या बाटलीने ते बरं करून देतो म्हणाला, तर त्याला नमस्कार करा आणि निघा.

एक बादली, एक फडकं, बारा गाड्या

आता गुन्हेगार शोधायचा होता. ऊन होतंच. रेन ट्रीही होतं. झाडावरचे किडे जो चिकट गोड स्राव खाली सोडतात, त्यावर धूळ आणि काळी बुरशी चढते. पक्ष्यांचं सांगायला नकोच. त्यांची घाण आम्लधर्मी असते, उन्हात तापलेल्या पत्र्यावर ती वाळली की रंगात खड्डा करते. ती कधीही कोरडी खरवडू नका. ओला टिश्यू पाच मिनिटं वर ठेवा, मग अलगद उचला. मी वर्षभर नखाने काढत होते.

पण खरा शोध लागला तो एका पहाटे साडेपाचला. सकाळचा कॉल होता म्हणून जागी होते आणि पहिल्यांदाच गाड्या पुसणाऱ्या मुलाचं काम पूर्ण बघितलं. एक बादली पाणी, एक फडकं. समोरच्या एसयूव्हीची चिखल भरलेली चाकं पुसली, फडकं त्याच पाण्यात बुचकळलं आणि माझ्या बॉनेटवर गोल गोल फिरवलं. बारा गाड्यांची धूळ माझ्या गाडीवर, रोज. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ना, ते असे येतात. त्याची चूक काय? महिन्याला एका गाडीचे आपण जे देतो, त्यात रोज बारा बादल्या कोण भरेल? मी त्याला सांगितलं, पगार तोच, पण माझ्या गाडीच्या फक्त काचा आणि चाकं पुसायची, रंगाला हात लावायचा नाही. त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. आणखी दोन दिवसांनी तो हळूच म्हणाला, "ताई, मागच्या दिवाळीत मी तुमच्या गाडीला रॉकेलचा हात मारला होता, चमकायला." मला कळत होतं, हा कबुलीजबाब होता.

पहिला शनिवार धुण्यात गेला. दोन बादल्या, एकीत कार शॅम्पू, दुसरीत नुसतं पाणी. फडकं गाडीवर फिरवायचं, साध्या पाण्यात खळबळायचं, मगच पुन्हा शॅम्पूत. आधी टप, मग काचा, बॉनेट, दारं आणि चाकांना वेगळं फडकं. सावलीत, गाडी गार असताना. कपड्यांची पावडर नको, भांड्यांचं लिक्विडही नको. दोन्ही तेलकटपणा काढण्यासाठीच केलेले असतात, आणि वॅक्स म्हणजे तरी दुसरं काय? आमचं पाणी बोअरचं, क्षारांचं. ते अंगावरच वाळलं की पांढरे गोल डाग पडतात आणि मुरले तर निघत नाहीत. म्हणून लगेच मायक्रोफायबरने टिपून घेतलं. घासून नाही, टिपून.

धुतल्यावर काकांची दुसरी युक्ती केली. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून फिरवला. नुसत्या बोटांना गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून सॅण्डपेपरसारखा लागला. ब्रेकच्या लोखंडाचे कण, झाडाचा चीक, डांबराचे शिंतोडे, सगळं रंगात रुतून बसलेलं. यासाठी डिटेलिंगची क्ले मिळते, मळलेल्या कणकेसारखी मऊ वडी. शॅम्पूचं पाणी मारत ती अलगद फिरवायची, काळी झाली की दुमडून आतली स्वच्छ बाजू घ्यायची. जमिनीवर पडली तर मात्र सरळ टाकून द्यायची, मोह नको. एक खडा चिकटला तरी त्याचा गाडीवर नांगर होतो. माझी एकदा पडली. दुकानात परत गेले.

आठ आण्याएवढा राखाडी

दुसऱ्या वीकेण्डला पॉलिश. मशीन घ्यावं का, यावर ऑफिसात कॅण्टीनमध्ये खूप चर्चा झाली. मशीनशिवाय होतच नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी एकाकडेही स्वतःची गाडी नव्हती. मी हाताने करायचं ठरवलं. कारण सरळ होतं: रंग किती उरलाय ते मला माहीत नव्हतं, जाडी मोजायचं मीटर माझ्याकडे नव्हतं आणि हाताने चूक झाली तरी ती सावकाश होते. गॅरेजमधलं 'रबिंग' फार दाणेदार असतं, त्याच्या वाटेला गेलेच नाही. सगळ्यात बारीक पॉलिश घेतलं. सगळ्या कडांवर, रबरांवर आणि काळ्या बंपरच्या काठावर मास्किंग टेप लावली.

डिकीच्या कोपऱ्यात पहिला हात मारला आणि कापड लाल झालं. काकांनी सांगून ठेवलं होतं म्हणून किंचाळले नाही. फडक्याला गाडीचा रंग लागला की समजायचं, वर क्लिअर कोट नाही. मग दीड-दोन फुटांचा एक एक चौकोन, आधी आडवा हात, मग उभा, मग पुसून बघायचं. पहिल्या चौकोनाखालून जो लाल वर आला ना! भोवती सगळी गुलाबी आणि मध्ये तो एक चौकोन, खिडकी उघडल्यासारखा. फोटो काढून दादाला पाठवला. त्याने फक्त लिहिलं, "फोटोशॉप?"

टप, डिकी, तीन दारं, सगळं छान झालं. रविवारी संध्याकाळी बॉनेट राहिलं होतं, रात्री अकराला रिलीजचा कॉल होता आणि बॉनेटच्या डाव्या कडेची टेप सुटली होती. कडेला एक पट्टा हट्टाने गुलाबीच राहत होता. तसाच सोडायला हवा होता. मी जोर लावला. आणखी लावला. कापड अचानक कमी लाल यायला लागलं आणि पुसून बघते, तर आठ आण्याच्या नाण्याएवढा राखाडी ठिपका. प्रायमर.

कडांवर रंग मुळातच पातळ असतो. हे मी वाचलं होतं, त्यासाठीच तर टेप लावली होती. त्या रात्रीच्या कॉलवर मी काय बोलले, मला आठवत नाही. चोवीस वर्षं बाबांनी जपलेला रंग मी अर्ध्या तासात पार केला होता, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी शांतपणे सगळी गाडी बघितली. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, जी त्या ठिपक्यापेक्षा महत्त्वाची होती. मागच्या उजव्या दाराच्या खालच्या काठाला रंग फुगून दोन बुडबुडे आले होते. चमकीच्या नादात याकडे कोणी बघत नाही. जुन्या गाडीला मारतो तो गंज, फिका रंग नव्हे. दाराच्या खाली पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली की पावसाचं पाणी दारातच साठतं आणि पत्रा आतून कुजतो. काडीने भोकं मोकळी केली, तर चक्क माती आणि रेन ट्रीची पानं बाहेर आली. बुडबुडे मात्र त्या पेंटिंगवाल्याकडूनच खरवडून, गंज काढून, प्रायमर आणि रंग मारून घेतले. हे काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं आणि हे त्याने सुंदर केलं.

वॅक्स लावणं म्हणजे सगळ्या प्रकरणातली सुट्टी. मी कार्नोबा घेतलं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून हे मेण काढतात. मधमाशीचं मेण साधारण ६३ अंशांना वितळतं, हे ८० अंशांच्या पुढे, म्हणून उन्हात तापणाऱ्या पत्र्यावर ते तग धरतं. अगदी पातळ थर, धूसर झाला की स्वच्छ कापडाने पुसून टाकायचा. जाड लावलं म्हणजे जास्त टिकतं, असं काही नसतं, नुसते हात दुखतात. बंपरला लागू देऊ नका, काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे डाग राहतात. आपल्याकडच्या उन्हा-पावसात हे मेण फार तर महिना-दोन महिने टिकतं. सिंथेटिक सीलंट जास्त टिकतं, सिरॅमिक त्याहून जास्त. नव्या गाडीला सिरॅमिक जरूर करा, पैसे असतील तर. पण ते लावलं म्हणजे ओरखडे पडत नाहीत, हा समज सोडून द्या. आणि त्याच्या आधी गाडी मशीनने नीट पॉलिश करतात. माझ्या गाडीला तेवढी सालं काढून देणं परवडणारं नव्हतं.

सगळा खर्च, दोन क्ले धरून, अडीच हजारांच्या आत. दार वेगळं. पार्किंगसाठी शेजारच्या काकूंशी बोलले. त्यांची गाडी नाही, छपराखालची जागा रिकामी होती, तीन वर्षांत मी विचारलंच नव्हतं. कव्हर मात्र घेतलं नाही. धुळीच्या गाडीवर रोज ओढलेलं कव्हर म्हणजे पुन्हा तेच फडकं, आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या कव्हरखाली ओल कोंडते ती वेगळीच.

बाबा दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आले. रिक्षातून उतरल्यावर सामान तिथेच ठेवून सरळ गाडीकडे. मी मागे. त्यांनी एक पूर्ण फेरी मारली, टपावर तळहात ठेवला, मागच्या दाराशी गुडघा सांभाळत वाकले, "इथं काम केलंयस," म्हणाले. मग बॉनेटच्या डाव्या कडेशी थांबले. टचअपचा रंग मी लावला होता, पण जरा जाड झाला होता, कळत होतं.

"मी घासलं, बाबा. जास्त झालं," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा वर केला आणि जवळून बघितलं. "इथं होय? हे माझंच आहे गं. २००२ साली घेतली तेव्हा नवा उत्साह, दर महिन्याला रबिंग मारायचो. गॅरेजवाल्यानं ओरडून थांबवलं मला. म्हणाला, साहेब, पत्रा येईल हातात. तेव्हापासून वर्षातून दोनदा, तेही नुसतं वॅक्स."

"२००२? गाडी २००१ची आहे ना?"

"सेकंडहॅण्ड होती. वर्षभर वापरलेली. तुमच्या आईला सांगितलं नव्हतं."

सकाळी पूजा झाली. झेंडूचा हार आणला होता, त्याची तार बाबांनी बॉनेटला लागू दिली नाही, मध्ये पिवळं फडकं घडी करून ठेवलं. ते त्यांनी सांगलीहून बॅगेतून आणलं होतं. कुंकवाचं बोट बॉनेटच्या मधोमध न लावता त्यांनी डाव्या कडेला लावलं. मग किल्ली माझ्याकडे दिली आणि स्वतः डाव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले. रजिस्ट्रेशन पुन्हा रिन्यू करायचं आहे, त्याची कागदपत्रं कुठे आहेत, असं त्यांनी सोसायटीच्या गेटबाहेर पडायच्या आतच विचारलं.